पुणे ते लेह आणि परत, स्वतःच्या गाडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन मी तीनदा लडाखला जाऊन आले. दर वर्षी मार्चपासून ओळखीच्या आणि अनोळखी लोकांचे प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले बहुतेक तेच असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सातवा प्रश्न मात्र कुणी गाळू नका.

१. पुण्याहून लेह किती लांब आहे? एकूण किती दिवस लागतील?

जम्मू, श्रीनगर, कारगिल या वाटेने एका बाजूचं अंतर साधारण २,८०० ते २,९०० किलोमीटर होतं. नुब्रा, पँगाँग, हानले फिरून मनालीमार्गे घरी आलात की एकूण प्रवास साडेसहा हजारांच्या आसपास जातो. गाडी लिटरला चौदा किलोमीटर देत असेल तर सुमारे ४६५ लिटर इंधन धरा.

दिवस तेवीस-चोवीस हवेत. जम्मूपर्यंत चार, श्रीनगरपर्यंत पाचवा, श्रीनगरात एक दिवस मुक्काम, मग कारगिल, मग लेह. लेहमध्ये दोन दिवस काहीही न करता. त्यानंतर लडाखमध्ये पाच-सहा दिवस, मनालीपर्यंत दोन आणि तिथून पुण्यापर्यंत चार. उरलेले दोन दिवस राखीव ठेवायचे. "आमच्याकडे पंधराच दिवस आहेत, बसवता येईल का?" असं खूप जण विचारतात. पंधरा दिवसांत हानले आणि उमलिंग ला (लडाखीत ला म्हणजे खिंड) सोडून द्या, पण लेहमधले विश्रांतीचे दोन दिवस सोडू नका.

२. कोणत्या महिन्यात जावं?

श्रीनगर-लेह रस्ता बहुतेक वर्षी मार्च-एप्रिलमध्ये उघडतो, मनाली-लेह मे-जूनमध्ये. दोन्ही वाटांनी फेरी पूर्ण करायची तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ हातात येतो. जूनमध्ये बारालाचा ला खिंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. जुलै-ऑगस्टमध्ये खुद्द लडाखमध्ये पाऊस कमी असतो, पण तिथे पोचण्याच्या वाटा पावसातून जातात. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनच्या आसपास आणि मनालीकडे मंडी-पंडोहच्या पट्ट्यात दरडी येतात. शिवाय त्याच काळात अमरनाथ यात्रा असते (प्रश्न १३ पाहा).

माझं मत विचाराल तर सप्टेंबर. आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, सिंधूकाठचे पॉप्लर पिवळे पडू लागतात, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं आणि शेतात जवाची कापणी चाललेली असते. पुण्यात गणपती बसवून निघणारे बरेच जण वाटेत भेटतात.

३. श्रीनगरमार्गे जावं की मनालीमार्गे?

जाताना श्रीनगर, येताना मनाली. याचं कारण फक्त उंची. श्रीनगर सव्वापाच हजार फुटांवर आहे, कारगिल पावणेनऊ हजारांवर, लेह साडेअकरा हजारांवर. प्रत्येक रात्री शरीर थोडंच वर चढतं. वाटेतली सर्वात उंच खिंड फोतू ला, १३,४७९ फूट, आणि तीही दिवसा ओलांडून आपण खाली झोपायला उतरतो.

मनालीकडून चढलात तर केलाँग दहा हजार फुटांवर आणि पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू चौदा हजारांवर. एका दिवसात चार हजार फुटांची उडी. २०१६ मध्ये आम्ही हीच चूक केली. रात्री नऊला माझ्या भावाचं डोकं ठणकू लागलं, अकराला उलट्या सुरू झाल्या. त्याला खाली न्यायचं ठरवलं तेव्हा सरचूचा खरा फास लक्षात आला. केलाँगकडे उतरायचं तर आधी बारालाचा ला चढावी लागते, १६,०४० फूट. लेहकडे जायचं तर लाचुंग ला, तीही सोळा हजारांच्या वर. खाली जायची प्रत्येक वाट आधी वर जाते. तंबूवाल्याने ऑक्सिजनचा सिलिंडर आणून दिला आणि आम्ही उजाडेपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिलो. परतताना मात्र हीच वाट सुरेख आहे, कारण तोवर शरीर सरावलेलं असतं आणि सरचूला न थांबता एका दिवसात जिस्पा गाठता येतं.

४. पुणे ते जम्मू कोणत्या रस्त्याने? दिल्ली टाळता येते का?

टाळाच. पहिला दिवस वडोदरा, दुसरा उदयपूर ओलांडून भिलवाडा. तिसऱ्या दिवशी किशनगड, जयपूर, कोटपुतली करत नारनौलला पोचलात की तिथून १५२-डी हा द्रुतगती मार्ग लागतो. सव्वादोनशे किलोमीटर सरळ, आणि तो अंबाल्याच्या जवळ नेऊन सोडतो. चौथ्या दिवशी लुधियाना, जालंधर, पठाणकोट करून जम्मू. पहाटे साडेचारला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग धरा, म्हणजे ठाणे-घोडबंदरची गर्दी जमण्याआधी पार होता येईल.

५. माझी डिझेल गाडी दहा वर्षं उलटून गेलेली आहे. चालेल का?

लडाखला काहीच अडचण नाही. अडचण दिल्लीच्या राजधानी क्षेत्राची. जुन्या गाड्यांवरचे निर्बंध तिथे लागू होतात आणि वरच्या उत्तरात सांगितलेला हरियाणाचा रस्ताही त्याच क्षेत्रातून जातो. या नियमात न्यायालयाच्या आदेशांनी बदल होत आले आहेत, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा. जोखीम नको असेल तर गुजरातमधून सांचोर, बिकानेर, हनुमानगड, भटिंडा, अमृतसर असं वर जा. राजस्थानातला अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्ग इतका मोकळा आहे की खरी काळजी झोपेची घ्यावी लागते. दर दोन तासांनी चालक बदला.

६. साधी हॅचबॅक जाईल का? फोर बाय फोर लागतेच का?

लागत नाही. श्रीनगर, लेह, नुब्रा, पँगाँग, मनाली या फेरीत मारुतीच्या छोट्या गाड्या नेहमी दिसतात. आमची पहिली फेरी हॅचबॅकनेच झाली. गाडीचं पोट खालून घासू नये म्हणून सामान कमी आणि माणसं चारच ठेवा. टपावर कॅरिअर लावून पाच माणसांचं सामान चढवलं तर मात्र ती गाडी श्रीनगर-कारगिल वाटेवरची झोजीला खिंड कुथत चढेल.

उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. टर्बो नसलेली पेट्रोल गाडी सतरा हजार फुटांवर स्पष्टपणे दमते. पहिल्या गिअरमध्ये शांतपणे चढवा. अर्ध्या क्लचवर रेटली की जळका वास येतो आणि लेहच्या अलीकडे क्लच प्लेट बदलून देणारं गॅरेज सापडणं नशिबाचा भाग आहे. निघण्यापूर्वी क्लच, ब्रेक पॅड, कूलंट, बॅटरी आणि पाचही टायर तपासून घ्या. पाचवा म्हणजे स्टेपनी, जी सगळे विसरतात. पंक्चर किट आणि बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप सोबत हवाच. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

७. विरळ हवेचा त्रास खरंच एवढा गंभीर असतो का? आम्ही तर नियमित सिंहगड चढतो.

सिंहगडाची उंची सुमारे ४,३०० फूट. चढण्याची ताकद आणि विरळ हवेत झोपण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. तंदुरुस्त तरुणांना त्रास होतो आणि सत्तरीच्या आजी ठणठणीत राहतात, असं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. तरुण माणसाचा तोटा हा की तो डोकेदुखी लपवतो.

फोतू ला वर पोचाल तेव्हा मागच्या सीटवरचं वेफर्सचं पाकीट बघा. पुण्यात मऊ असलेलं ते पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं असतं. बाहेरचा दाब इतका कमी झालेला असतो, आणि त्याच हवेत तुमची फुप्फुसं काम करत असतात.

लेहमध्ये पोचल्यावर ४८ तास: आडवं व्हायचं, पाणी प्यायचं, हलकं जेवायचं, जवळच्या जवळ चालायचं. दारू नाही. नुब्राच्या वाटेवरची खारदुंग ला तर अजिबात नाही. सौम्य डोकेदुखी, भूक मंदावणं, तुटक झोप हे पहिल्या रात्री बहुतेकांना होतं. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ८५ ते ९० च्या दरम्यान दिसला तर तेवढ्याने घाबरू नका. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बसल्या जागी धाप लागते, खोकला ओला येतो, माणूस तोल जाऊन चालतो किंवा असंबद्ध बोलतो, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही. टाच आणि बोटं जोडत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. ती चालता आली नाहीत तर तो मेंदूला सूज आल्याचा इशारा असू शकतो. ऑक्सिजन द्या, डॉक्टर गाठा आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरा. लेहचं सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय अशा रुग्णांना रोज पाहतं, तिथे जायला संकोच करू नका.

विरळ हवेच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीबद्दल: बरेच जण घेतात, त्याने सराव लवकर होतो. पण ती तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे त्यांना आवर्जून सांगावं. आणि गोळी घेतली म्हणून विश्रांतीचे दोन दिवस रद्द होत नाहीत.

८. आई-बाबा पासष्टीच्या पुढचे आहेत आणि मुलगी चार वर्षांची. नेऊ का?

हृदय, फुप्फुस किंवा अनियंत्रित रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय नाही. गरोदर असाल तर ही सहल पुढच्या वर्षी. बाकी निरोगी ज्येष्ठांना न्या, पण लेह आणि नुब्रापुरतं. नुब्रातलं डिस्किट दहा हजार फुटांच्या थोडं वर, म्हणजे लेहपेक्षाही खाली आहे, त्यामुळे तिथे झोप छान लागते. पँगाँगला चौदा हजार फुटांवर रात्र काढण्याऐवजी दिवसा जाऊन परत येता येतं.

लहान मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. चार वर्षांची मुलगी विनाकारण किरकिर करू लागली, जेवेनाशी झाली, तर तो विरळ हवेचा त्रास धरूनच चाला.

९. पेट्रोल-डिझेल कुठे मिळतं? कॅन न्यावा लागतो का?

कारगिल, लेह, कारू आणि डिस्किटला पंप आहेत. डिस्किटचा साठा कधी संपलेला असतो, म्हणून तिकडे जायच्या आधी लेहला टाकी भरा. मनालीच्या वाटेवर केलाँगच्या अलीकडे तांडी इथे पंप आहे आणि "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" हा तिथला फलक फोटोंतून सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. लेहकडून येताना हेच अंतर उलट मोजा, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या-दुसऱ्या गिअरचं असतं. टाकी ३५ लिटरची असली तर दहा लिटरचा पत्र्याचा कॅन न्या. तो काठोकाठ भरू नका. उंचीवर वाफेने फुगतो, झाकण उघडताना आधी थोडंसंच सैल करा. गाडीत वास कोंडला की डोकं दुखतं आणि मग ते विरळ हवेचं की पेट्रोलचं, हेच कळत नाही.

१०. मोबाइल चालतो का?

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. पंजाबातून लखनपूर ओलांडलं की फोन गप्प होतो. पोस्टपेड चालतं. गाडीतल्या निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड असू द्या, आणि बदल करून घ्यायचा तर निघायच्या आठ-दहा दिवस आधी. मनालीच्या वाटेवर उपशीपासून जिस्पापर्यंत फोन लागेल असं गृहीत धरू नका, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा. नकाशे उतरवून घ्या. नेटवर्क नाही तिथे यूपीआय नाही, म्हणून रोख पैसे लेहमध्येच काढा.

११. इनर लाइन परमिट लागतं का? रोहतांगचं परमिट?

भारतीय नागरिकांसाठी इनर लाइन परमिटची (सीमेजवळच्या भागात जायच्या परवान्याची) अट २०२१ मध्ये काढली. नुब्रा, पँगाँग, हानलेसाठी पर्यावरण शुल्क मात्र भरावं लागतं. ते ऑनलाइन भरून पावतीच्या चार-पाच प्रती छापून घ्या, नाक्यांवर एकेक द्यावी लागते. आधारकार्ड जवळ हवंच.

रोहतांगचं परमिट फक्त रोहतांग खिंडीत जायचं असेल तर. ३ ऑक्टोबर २०२० पासून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला आहे आणि त्यातून जायला परमिट लागत नाही.

१२. गाडी भावाच्या नावावर आहे. भाड्याची सेल्फ ड्राइव्ह चालेल का? आणि अमेरिकेतला मामेभाऊ येतोय, त्याचं काय?

भाड्याची सेल्फ ड्राइव्ह बाहेरून आणू नका. नुब्रा-पँगाँगच्या वाटेवर स्थानिक टॅक्सी संघटनेचे लोक ती अडवतात. तिथल्या हजारो घरांची वर्षाची कमाई या चार-पाच महिन्यांत होते, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा आहे. भावाची गाडी असेल तर मूळ आरसी, भावाचं सहीचं संमतीपत्र आणि नातं दिसेल असं एखादं ओळखपत्र ठेवा. मालक सोबत असेल तर प्रश्नच येत नाही.

मामेभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर तो तुमच्यासारखाच. ओसीआय कार्डधारक असेल तर इथे तो परदेशी धरला जातो. त्याला वेगळं संरक्षित क्षेत्र परमिट लागतं, ते लेहमधल्या नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटमार्फत निघतं, आणि हानले, उमलिंग ला त्याला बंद. हे शेवटच्या नाक्यावर कळलेलं कुटुंब मी पाहिलं आहे. आठ जणांतले दोघं गाडीतून उतरले.

१३. झोजीला फार भीतीदायक आहे असं ऐकलं. खरं आहे का?

रस्ता अरुंद आणि कच्चा आहे, एका बाजूला खोल दरी. पण वाहनं बहुतेक वेळा एका दिशेनेच सोडतात, त्यामुळे समोरून ट्रक येईल ही धास्ती कमी होते. सोडण्याच्या वेळा जम्मू-काश्मीरचे वाहतूक पोलीस आदल्या संध्याकाळी जाहीर करतात, त्या बघूनच श्रीनगर सोडा. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, झोजीलाच्या बोगद्याचं काम चालू आहे. अमरनाथ यात्रेच्या दिवसांत बालतालचा तळ याच रस्त्यावर असतो. तेव्हा ताफ्यांसाठी रस्ता तासन्‌तास थांबवतात आणि ठरावीक वेळेनंतर गाडी पुढे सोडत नाहीत.

खिंड उतरलं की द्रास येतं. कारगिल युद्धस्मारकासाठी दोन तास राखून ठेवा. समोर तोलोलिंग उभा असतो, आणि एवढ्या उघड्या चढावरून आपले सैनिक रात्री वर गेले हे तिथे उभं राहिल्यावरच समजतं. भिंतीवरची नावं वाचताना माझी आई बराच वेळ बोलली नाही.

१४. रस्त्यात नाले ओलांडावे लागतात म्हणे. गाडी अडकली तर?

नाले बर्फाच्या पाण्याचे असतात, म्हणून सकाळी घोट्याएवढे आणि दुपारी गुडघ्याच्या वर. पँगाँगच्या वाटेवरचा पागल नाला त्यामुळेच त्या नावाने ओळखला जातो. बारापूर्वी ओलांडा. पाण्यातून डोकं वर काढलेला एक दगड नजरेत धरा. दहा मिनिटांनी तो बुडाला असेल तर पाणी चढतंय. आधी एखादा ट्रक जाऊ द्या, त्याची चाकं कुठून गेली ते बघा, मग पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, पलीकडे जा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, पाणी आत ओढलं जातं. ट्रकवाले दोर बांधून काढतात.

१५. पँगाँगला शिवाजी महाराजांचा पुतळा कुठे आहे?

सरोवराच्या काठावर, १४,३०० फुटांवर. २६ डिसेंबर २०२४ रोजी लष्कराच्या चौदाव्या कोअरने त्याचं अनावरण केलं. लष्करी हद्दीच्या सूचना पाळा, ड्रोन उडवू नका. नुब्राहून श्योक नदीच्या कडेने थेट पँगाँगला जाता येतं, मात्र निघण्याआधी डिस्किटला रस्त्याची चौकशी करा.

१६. खारदुंग ला जगातला सर्वात उंच रस्ता ना? मग उमलिंग ला कशाला?

खारदुंग लावर १८,३८० फूट असं अनेक वर्षं लिहिलेलं होतं. मोजमापानुसार ती सुमारे १७,५८२ फूट आहे. सीमा रस्ते संघटनेने उमलिंग लाचा १९,०२४ फुटांवरचा रस्ता बांधला आणि २०२१ मध्ये तेव्हाचा सर्वात उंच रस्ता म्हणून त्याची गिनीज नोंद झाली. (ला म्हणजेच खिंड, म्हणून नुसतं खारदुंग ला म्हणा.)

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. लडाखमध्ये निदान आठवडा काढल्याशिवाय जाऊ नका आणि वर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. मला स्वतःला त्या फलकापेक्षा हानलेची रात्र मोठी वाटते. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, गावात रात्रीचे दिवे झाकलेले असतात. अंधार पडायच्या आत पोचा म्हणजे हेडलाइट लावावे लागणार नाहीत. आकाशगंगा तिथे ढगासारखी दिसते.

१७. शाकाहारी जेवण मिळेल का?

सगळीकडे. राजमा-भात, आलू पराठा, मॅगी तंबूतही मिळते. लेहच्या घरगुती मुक्कामात स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा दाट रस्सा) आणि खंबीर रोटी मागा. सप्टेंबरमध्ये वाळलेले जर्दाळू घेऊन या.

१८. रस्ता बंद झाला आणि सुट्टी संपत आली तर?

त्यासाठीच पहिल्या उत्तरातले दोन राखीव दिवस. मनालीची वाट बंद असेल तर श्रीनगरकडून उतरा, ती बंद असेल तर मनालीकडून. पदुम-शिंकू ला वाट दारच्याला मनालीच्याच रस्त्याला मिळते, पण शिंकू लाही साडेसोळा हजार फुटांवर आहे, तिचा भरवसा चांगल्या हवेतच. दोन्ही वाटा बंद असतील तर लेहहून विमानाने दोघांनी घरी जावं आणि दोघांनी गाडीजवळ थांबावं. आम्ही तसं एकदा केलं. मी आणि भाऊ चार दिवस लेहमध्ये राहिलो, पाचव्या दिवशी पहाटे रस्ता उघडल्याचा निरोप आला आणि कारूच्या पंपावर रांगेत आमच्या पुढे पाच गाड्या होत्या, त्यातल्या तीन एमएच-१२.